मासे वर आले की

आमच्या सासूबाईंना सगळे जिरेबाई म्हणतात, आणि फोडणीच्या जिऱ्याशी त्या नावाचा काडीचाही संबंध नाही. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं माशाचं पिल्लू जिऱ्याच्या दाण्याएवढं असतं, म्हणून त्याला जिरं म्हणायचं. तेच वाढून बोटाएवढं झालं की बोटुकली. सासूबाई चाळीस वर्षं माशांचं जिरं तयार करतायत. आसपासच्या तळ्यांमध्ये जे मासे वाढतात, त्यातले निम्मे तरी त्यांच्या अंगणातून डब्यात बसून गेलेले असतात. मला हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. आमच्या चित्रकाराला कळायला तीन वर्षं लागली, आणि कळलं तेही चारचौघांत.

चित्रकार म्हणजे माझा धंद्यातला जोडीदार. आम्ही दोघं सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून मोबाईलवरचे गेम बनवतो. तो चित्रं काढतो, मी नियम लिहितो: काय केलं की गुण मिळतात, काय केलं की डाव संपतो, आणि माणसाला उद्या पुन्हा गेम उघडावासा का वाटेल. मी माझ्या कामात हुशार आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होण्याची शक्यता आहे.

मासे पाळायच्या तळ्याचा गेम ही कल्पना माझीच. घरात चाळीस वर्षांचा अनुभव असताना बाहेर कशाला विचारायचं? मी सासूबाईंना फोन लावला आणि त्या सांगतील तसं कागदावर उतरवून घेतलं. तळं सुकवा. चुना मारा. पाणी भरा. शेण टाका, पाणी हिरवं होऊ द्या. मग जिरं सोडा. कागद चित्रकाराच्या टेबलावर ठेवला आणि नेमका तापानं दोन दिवस घरी पडलो. परत आलो तर स्क्रीनवर तळ्याच्या काठी एक सुबक काचेची बरणी, बरणीत जिरं, वर चमचा. बरणीवर बोट ठेवलं की चमचाभर जिरं पाण्यावर भुरभुरायचं आणि मासे शिंकायचे.

"मला वाटलं, पचनासाठी असेल," चित्रकार म्हणाला.

ते दुरुस्त व्हायच्या आत सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, आणि बायकोनं मोठ्या कौतुकानं त्यांच्या हातात मोबाईल दिला. चित्रकार त्या दिवशी जेवायलाच होता. सासूबाईंनी बरणीवर बोट ठेवलं. भुरभुरणारं जिरं पाहिलं, शिंकणारे मासे पाहिले.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "तेल कधी तापवायचं?"

चित्रकाराचा घास घशातच अडकला. बायको हसून हसून खुर्चीवरून घसरली. मी त्याला जिरं म्हणजे काय ते समजावून सांगितलं, जरा जास्तच सविस्तर. दुसऱ्याची फजिती होत असली की आपल्याला फार सुचतं.

पण त्याच दुपारी दुसरी एक गोष्ट झाली आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सासूबाईंनी पुढचा भाग उघडला. तो माझ्या अभिमानाचा भाग होता. पहाट होते, तळ्यातले सगळे मासे एकदम वर येतात, पाण्याबाहेर तोंडं काढून उघडमीट करतात, त्यांच्या डोक्यावर लाल बदाम उडतात आणि कोपऱ्यातलं खाऊचं बटण लुकलुकायला लागतं.

"हे सगळे एकदम वर येतात?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, सगळे एकदम."

"रोज?"

"रोज. भूक लागते ना. मग खेळणारा खाऊ टाकतो आणि ते खूश होऊन खाली जातात."

त्यांनी मोबाईल माझ्याकडे परत दिला. "मोठ्या छातीचे आहात जावईबापू," त्या म्हणाल्या. "मला नसतं बघवलं."

मी ही स्तुती समजलो. दुसऱ्या दिवशी चित्रकाराला सांगितलंसुद्धा, की आई म्हणाल्या, बघवत नाही इतकं खरं झालंय. आता तुम्ही म्हणाल, त्यांनी तेव्हाच नीट का नाही सांगितलं? सासूबाई विचारल्याशिवाय शिकवत नाहीत. आणि मी कशाला विचारतोय, मला तर सगळंच येत होतं.

त्यांना तळ्यावर काम करताना मी पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे कंटाळलो होतो. पहाटे उठायचं, काठावर एक पत्र्याची बादली उपडी टाकायची आणि तिच्यावर बसून राहायचं. मधेच उठून पाण्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि आपल्याच तळव्याकडे बघायचं. तळवा स्वच्छ दिसला तर पाण्यात शेण हवं. कोपर बुडायच्या आधीच दिसेनासा झाला तर पाणी फार दाट झालं, हात आखडता घ्यायचा. पेंड आणि कोंडा मळून केलेला खाऊ दोरीला बांधलेल्या टोपलीतून पाण्यात सोडायचा. दुसऱ्या दिवशी टोपली वर ओढायची, आणि आतला खाऊ उरला असेल तर त्या दिवशी काही नाही. झालं काम. पुन्हा बादलीवर. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं, त्या पन्नास मिनिटं काहीही न करता बसल्या होत्या. आमच्या धंद्यात खेळणाऱ्यानं दहा सेकंद काही केलं नाही तर आम्ही घाबरतो, बटणं लुकलुकवतो, मोबाईल थरथरवतो, की बाबा जाऊ नकोस.

त्यांची तळी तीन. एक जिऱ्याचं, एक बोटुकल्यांचं, आणि विहिरीजवळचं सर्वांत लहान तळं जुन्या माशांचं. त्यात अकरा मासे होते, एकेक दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. यांच्याच पोटी दर वर्षीचं सगळं जिरं यायचं. सासूबाई त्यांना वडीलधारी मंडळी म्हणायच्या. बाकीची तळी रिकामी झाली तरी पुन्हा भरता येतात; हे गेले तर चाळीस वर्षांची निवड गेली, आणि पुढच्या वर्षी दारात डबे घेऊन येणाऱ्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं.

तर सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन आधी ठरलं, आमच्या घराजवळच्या दवाखान्यात. बायकोनं रजा घेतली. तळ्यावर कोण राहणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मीच म्हणालो, "मी जातो. माझं काम लॅपटॉपवर कुठेही होतं. आणि तळं म्हणजे आता माझा विषयच आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. एका डोळ्यानं अंधुक, दुसऱ्यानं त्याहून अंधुक, तरी माझं पाणी त्यांनी जोखलं असावं. "खाऊ एक दिवसाआड," त्या म्हणाल्या. "टोपलीत आधीचा उरला असेल तर तोही नाही. पाणी बघत जा. बाकी काही करू नका."

"बाकी काही म्हणजे?"

"काहीच."

पहिल्या दिवशी छान ऊन होतं. मी खाऊ सोडला, बादलीवर बसलो, सात मिनिटांत कंटाळून लॅपटॉप उघडला. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं कोंदट. तिसऱ्या दिवशीही तेच. वडीलधाऱ्यांची टोपली वर ओढली तर अर्धा खाऊ तसाच, म्हणून नियमाप्रमाणे नवा सोडला नाही. मनातून मात्र मला ते पटलं नव्हतं. एवढाले मासे आणि त्यांना दोन दिवस उपाशी ठेवायचं?

चौथ्या दिवशी पहाटे मी लहान तळ्यावर गेलो आणि आनंदानं जागीच थांबलो. अकराच्या अकरा मासे वर आले होते! पाण्याबाहेर तोंडं काढून उघडमीट करत होते, अगदी माझ्या गेमसारखे. फक्त बदाम तेवढे नव्हते. मला भरून आलं. चार दिवसांत मुक्या जीवांनी मला ओळखलं आणि मी त्यांना उपाशी ठेवलं होतं! मी धावत जाऊन दोन बादल्या खाऊ आणला आणि टोपलीबिपली बाजूला ठेवून मूठमूठ पाण्यावर फेकला. त्यांनी तोंड लावलं नाही. म्हटलं, लाजत असतील. मोबाईल काढून व्हिडिओ घेतला आणि बायकोला पाठवला: "बघ, आईंचे मासे मला ओळखायला लागले."

दोन मिनिटांत फोन वाजला. सासूबाईंचा आवाज होता. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यातून नुसतं धुकं, व्हिडिओ त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी तो ऐकला होता.

"चप चप वाजतंय ते काय आहे?"

"मासे, आई. सगळे वर आलेत. खाऊ मागतायत."

"कुठलं तळं?"

"लहान. वडीलधारी मंडळी."

"काठावर जोरात पाय आपटा. पळतात का बघा."

मी पाय आपटला. पुन्हा आपटला. एकही मासा हलला नाही. इतक्या जवळ माणूस नाचतोय आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. "नाही पळत," मी म्हणालो.

"हवा संपलीय पाण्यातली. ते श्वास घ्यायला वर आलेत. खाऊ टाकलात?"

"दोन बादल्या."

त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचा आवाज नेहमीचाच होता, डबा कुठे ठेवलाय ते सांगावं तसा. "विहिरीचा पंप चालू करा. शिडी तळ्याच्या काठाला उभी करा, पाईपचं तोंड तिच्या वरच्या पायरीला बांधा आणि खाली टोपली उलटी अडकवा. विहिरीचं पाणी मुकं असतं, त्यात हवा नसते. ते उंचावरून पडून फुटलं पाहिजे. मग बांबू घ्या आणि तळ्यात उतरून पाणी बडवा."

"किती वेळ?"

"ऊन येईपर्यंत. आणि फोन बंद करू नका. काठावर ठेवा. मी ऐकतेय."

मी आयुष्यात त्याआधी बोटांखेरीज दुसरा कुठला अवयव कामाला लावला नव्हता. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मी बांबूनं पाणी बडवत होतो, तळातला चिखल पायाला धरून ठेवत होता, आणि माझ्या मांडीला घासून एकेक प्रचंड मासा संथपणे वाहत जात होता. काठावरच्या मोबाईलमधून मधूनच आवाज यायचा. "जरा थांबा, ऐकू द्या." मी थांबायचो. "अजून वाजतंय. चालू ठेवा." पुन्हा बडवायचं. एकदा म्हणाल्या, "फोन पलीकडच्या काठाला न्या." नेला. "इथे जास्त आहे. इथे मारा." पट्टी बांधून पलंगावर पडलेली बाई चप चप आवाजावरून मला तळं दाखवत होती, आणि दोन डोळे शाबूत असून मला ती सांगेपर्यंत काही दिसत नव्हतं. हातांना फोड आले, ते फुटले. बांबू सोडायचा विचार मात्र एकदाही मनात आला नाही. एवढं श्रेय मी स्वतःला देतो.

आठ वाजून गेल्यावर ढग फाटले आणि पाण्यावर ऊन पडलं. नऊच्या सुमाराला सासूबाई म्हणाल्या, "थांबा." त्या ऐकत राहिल्या. मलाही फक्त शिडीवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. "आता पाय आपटा."

मी काठावर चढून पाय आपटला. पाणी उसळलं आणि मासे तळाशी पळाले. मी तिथेच खाली बसलो आणि मला रडू आलं.

"किती गेले?" त्यांनी विचारलं.

पांढरी पोटं वर करून तीन मासे कोपऱ्यातल्या गवताला लागले होते. एकच गेला असं सांगावं, असं मनात आलं. बाकीचे दोन नंतर गेले म्हणता आलं असतं. माझ्या गेममध्ये असं झालं असतं तर मी डाव पुन्हा पहिल्यापासून सुरू केला असता.

"तीन," मी म्हणालो.

"कुठले?"

"मला ओळखू येत नाहीत, आई."

"ओठाजवळ पांढरा ठिपका आहे कुणाला?"

मी जवळ जाऊन पाहिलं. होता. सर्वांत मोठ्या मादीला होता. "आहे," मी म्हणालो.

ती मादी सासऱ्यांनी दुधाच्या किटलीत घालून आणली होती, बोटुकली असताना. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. ती आता जिरं देत नव्हती, पण तळ्यात तिचा मान होता. हे मला बायकोनं नंतर सांगितलं. सासूबाईंनी कधीच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तळाला बसलेला खाऊ आजच काढून टाका. कुजला तर उद्या पुन्हा हेच." आणि फोन बंद झाला. तो दिवसभर मी हातजाळीनं माझंच शहाणपण तळातून खरवडून काढत होतो. जिरेबाईंच्या तळ्यावर माझी चांगलीच जिरली होती.

आठवड्यानं सासूबाई काळा चष्मा लावून परत आल्या. घरात न जाता तडक तळ्यावर, बायको मागून ओरडतेय तरी. बादलीवर बसल्या, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, तळवा पाहिला. नव्या डोळ्यानं पहिल्यांदाच. मग मला म्हणाल्या, "तुमचा तो गेम काढा."

मी पहाटेचा भाग काढून दिला. मासे वर आले, तोंडं उघडमीट करायला लागली, बदाम उडाले.

"आता सांगा, हे खूश आहेत?"

मी तिथेच, त्यांच्यासमोर, सगळे बदाम पुसून टाकले. आणि या वेळी विचारलं. सकाळी विचारायला लागलो ते संध्याकाळ झाली. हिरवं पाणी उन्हात हवा तयार करतं आणि अंधारात तीच खातं, म्हणून ढगाळ दिवसांनंतरची पहाट सर्वांत वाईट. खाऊ उरला की तोही कुजताना हवा खातो. निरोगी तळं सकाळी गप्प असतं. इतकी वर्षं हे सगळं त्या बादलीवर बसलेलं होतं आणि मी घड्याळ लावून ते काहीच नाही म्हणून मोजलं होतं.

नव्या गेममध्ये लुकलुकणारं बटण नाही. पाणी आहे, आवाज आहे आणि कोपरापर्यंत घालायला एक हात आहे. मासे वर आले की काहीतरी चुकलंय, आणि काय ते ज्यानं त्यानं ओळखायचं. चित्रकार वैतागला. "पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही! लोक पळून जातील!"

"पळू देत," मी म्हणालो. "थांबतील ते आपले."

वीस जणांना खेळायला दिला. विसाच्या विसांनी पहिल्या ढगाळ पहाटे खाऊ टाकून तळं मारलं. त्यातल्या एकोणीस जणांनी दुसऱ्या दिवशी गेम पुन्हा उघडला. मी नियम लिहिणारा माणूस आहे. याहून मोठं प्रमाणपत्र मला नको. चित्रकारानं सूड म्हणून जिऱ्याची बरणी काठावरच्या गवतात लपवून ठेवलीय. ती ज्याला सापडते त्याला खुद्द सासूबाईंच्या आवाजात ऐकू येतं, "तेल कधी तापवायचं?"

पाच महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली. मी आधीच बायकोच्या चुलतभावाशी बोलून ठेवलं होतं, तो तळ्यावर राहायला तयार होता. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या पिशवी भरत होत्या.

"तो कशाला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही आहात ना."

"आई, मी? मी तीन मारले."

"मी लग्नाच्या पहिल्या वर्षी अख्खं तळं मारलं होतं. जिऱ्यापासून म्हाताऱ्यांपर्यंत, एक शिल्लक नाही. दया आली म्हणून खाऊ टाकला होता, तुमच्यासारखाच." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "माझ्या सासूबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ज्याच्या हातून एकदा मेलेत त्याच्याच हातात तळं द्यावं. ज्याच्या हातून अजून मेले नाहीत, त्याचा भरवसा नाही."

आणि कोपऱ्यातली पत्र्याची बादली उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. मला काही बोलता आलं नाही. बायको म्हणते, लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी लहान तळ्याकाठी बसलो होतो. दोन दिवस आभाळ होतं, म्हणून खाऊ बंद होता. आठही वडीलधारे खाली होते, पाण्यावर सुरकुतीही नव्हती. फोन वाजला.

"पाण्याजवळ धरा," सासूबाई म्हणाल्या.

मी वाकून मोबाईल पाण्याच्या अगदी जवळ धरला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला धीर धरवेना. "आई, काहीच ऐकू येत नाहीये ना?"

"येतंय की," त्या म्हणाल्या. "तुम्ही मधे बोलू नका."